स्टार्टरच्या पेटीवरचं अक्षर

फोन मीच केला होता, आणि तोही बोरची मोटार सुरू होत नव्हती म्हणून. फेब्रुवारीतली सकाळ होती, दहा वाजले असतील. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं टाकून मी एका हाताने हिरवं बटण दाबत होतो आणि दुसऱ्या हातात फोन धरला होता. युनूसभाईंच्या नंबरवर घंटी वाजतच राहिली. ते फोन उचलत नाहीत असं वीस वर्षांत फारसं झालं नव्हतं, त्यामुळे मी वैतागून पुन्हा लावला, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीने, नसीमभाभींनी उचलला. मी त्यांना बोलूच दिलं नाही. मोटार ट्रिप होते आहे, लॉन पिवळं पडायला लागलंय, त्यांना म्हणावं जेवायच्या आधी येऊन जा... असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, ते गेले जी. सकाळी दुकान उघडलं, स्टुलावर बसले, अन् गेले."

म्हणजे मी एका मेलेल्या माणसाला माझ्या गवताला पाणी द्यायला बोलावत होतो. दोन महिने होत आले या गोष्टीला. यवतमाळात उन्हं पुन्हा तापली आहेत, आणि हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही.

युनूसभाईंचं शहराला लागूनच, लोहाऱ्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बोरच्या मोटारी, कूलरचे पंप, गवत कापायची यंत्रं, काय मिळेल ते दुरुस्त करायचे. मी सरकारी कचेरीत अनुरेखक, म्हणजे इंजिनियरांनी काढलेल्या रेघा ट्रेसिंग पेपरवर पुन्हा काढणारा माणूस. नोकरीत स्वतःची एकही रेघ काढायला मिळाली नाही, ती हौस मी लोकांच्या अंगणांवर भागवली. ओळखीतल्या कोणी घर बांधलं की मी त्यांच्या बागेचा नकाशा काढून द्यायचो. मधोमध लॉन, कडेने फुलझाडं, एक वळणाची पायवाट. पाइप टाकायला माणूस हवा म्हणून कोणीतरी युनूसभाईंना घेऊन आलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नकाशा उलटा धरला. मी सुलटा करून दिला तर म्हणाले, "नकाशा मंग पाहू साहेब. आधी एक बादली पाणी आणा."

ती त्यांची पद्धत होती. कुठल्याही नव्या प्लॉटवर गेले की उंचवट्याच्या बाजूला एक बादली पाणी ओतायचे आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे. पाणी कुठे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे जिरतं. जिरेल तिथे काडी रोवायचे. "हे झाडाची जागा," म्हणायचे. "बाकी तुमचं चालू द्या." माझ्या लॉनच्या बरोबर मधोमध ती काडी यायची, की आमचं भांडण सुरू. मी काडी उपटून कडेला रोवायचो. ते चहा प्यायचे आणि जाताना ती पुन्हा मधोमध आणून ठेवायचे. यवतमाळातल्या दहा-बारा बागा आम्ही अशा भांडून केल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या लॉनमध्ये एक धायटी किंवा बहावा असा उभा आहे, की बघणाऱ्याला वाटावं नकाशा काढणाऱ्याचा हात हलला असावा.

त्यांना जंगलातल्या झाडांचं वेड होतं. मारेगावकडे एखाद्या शेतातल्या मोटारीचं काम निघालं की परत येताना त्यांच्या हत्यारांच्या डब्यात पान्यांबरोबर बिया असायच्या. टेंभुर्णी, मोह, चारोळी, कळलावीचे कंद. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी काळ्या पिशव्यांमध्ये रोपं केली होती, रांगाच्या रांगा. चारोळीचं बी सहजी रुजत नाही. त्यांनी तीन पावसाळे घालवले तेव्हा कुठे मूठभर रोपं उभी राहिली. त्यांना एक दिवस ती सगळ्या घरांच्या दारात हवी होती. लॉन त्यांच्या समजुतीत बसत नसे. आमच्याकडे हरळीची गादी विकत आणून अंथरली त्या दिवशी ते कितीतरी वेळ हसत होते. "साहेब, आमच्या आर्णीच्या मामानं सारी जिंदगी वावरातली हरळी खंदण्यात घातली. अन् तुमी ते इकत आणून राह्यले?" मीही हसलो होतो. पण लॉन माझी कमजोरी होती. कॉलनीत येणारा प्रत्येक जण फाटकापाशी थांबून ते बघायचा, आणि मी खिडकीतून बघणाऱ्याला बघायचो.

आता त्या उन्हाळ्याबद्दल लिहायला हवं. लेख त्यासाठीच लिहायला घेतला, नाहीतर युनूसभाईंच्या गमतींनी दोन पानं सहज भरली असती.

सहा-सात वर्षं झाली असतील. धरण आटलं होतं, नळ कधी येईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं, सारं शहर ड्रम आणि घागरी-गुंड्या घेऊन टँकरमागे धावत होतं. युनूसभाईंच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागलेली असायची. त्या दिवसांत त्यांनी एक नियम केला होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता: पिण्याच्या पाण्याची मोटार आधी. शेतीची नंतर, बाकीची सगळ्यात शेवटी, मग मालक कोणीही असो. काम झालं की ऑइल पेंटने ते स्टार्टरच्या पेटीवर लिहून टाकायचे, 'शेती', 'पिण्याचे पाणी', म्हणजे पुढच्या वेळी विचारायला नको. अक्षर मोठं सुबक होतं. मी स्वतः अक्षराच्या धंद्यातला माणूस, पण तसा 'ण' मला कधी जमला नाही.

नेमकी तेव्हाच आमची मोटार जळाली. एप्रिल संपत आला होता आणि मेच्या मध्यावर आमच्या मुलीचं, मीनलचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलाकडची मंडळी नागपूरची, चार मोठे कार्यक्रम पाहिलेली. मी व्याह्यांना आधीच सांगून बसलो होतो की कार्यक्रम आमच्या लॉनवर होईल, हॉलची गरज नाही. आता ते लॉन दिवसागणिक चपातीसारखं करपत चाललं होतं. प्यायचं पाणी आमच्याकडे होतं. टँकर येत होता, दोन ड्रम भरलेले असायचे. पण लॉनसाठी मोटार हवी म्हटलं असतं, तर माझा नंबर जूनमध्ये लागला असता.

मी लोहाऱ्याला गेलो. युनूसभाई घामाने निथळत तांब्याची तार गुंडाळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पिण्याचं हाये का जी?"

"हो," मी म्हणालो. "सुनंदाचं मूतखड्याचं ऑपरेशन झालंय ना, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. घरात थेंब नाही."

माझ्या बायकोचं ऑपरेशन खरं होतं. थेंब नाही हे खोटं होतं. त्यांनी तार खाली ठेवली. "मंग थांबता येत नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ते पाइप काढायची गाडी आणि एक मोटार घेऊन हजर. शहरात कुठे नवी मोटार मिळत नव्हती, म्हणून मी विचारलं, ही कुठली? "होती एक," म्हणाले. आमची जुनी मोटार दुरुस्तीपलीकडची निघाली, तिच्या जागी दुपारपर्यंत ही उतरवली, पेटी पुसली, ब्रश काढला आणि माझ्यासमोर लिहिलं, 'पिण्याचे पाणी'. सुनंदा सरबत घेऊन आली तेव्हा तिला म्हणाले, "वहिनी, आता पोटभर प्या." तिने पेटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर म्हणाली, "त्यांना जाऊन खरं सांगून या." मी म्हटलं, कार्यक्रम होऊ दे.

आठवडाभराने मी साक्षगंधाचं बोलावणं करायला त्यांच्या घरी गेलो. नसीमभाभी नव्हत्या. त्यांच्या आईचं दुखणं निघालं होतं म्हणून त्या महिनाभर आर्णीला माहेरी होत्या. युनूसभाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. बोरचे पाइप भिंतीला टेकून उभे होते आणि त्या सगळ्या काळ्या पिशव्यांमधली रोपं वाळून कोळसा झाली होती. मी काय झालं विचारलं. त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, "मोटार तुमच्या बोरात हाये ना." तेच मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "कंदवाले थांबतेत साहेब. कळलावी, शतावरी, ते जमिनीखाली निजते अन् पुढच्या साली उठते. रोपाले थांबता येत नाही. पण माणसाचं पाणी पयलं." एक चारोळीचं रोप तेवढं जिवंत होतं. ते त्यांनी सावलीत घेतलं होतं आणि नमाजाआधीच्या वजूचं पाणी त्याला घालत होते.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्या क्षणी मोटार काढून परत नेली असती तर निदान नवी रोपं तरी... पण मी पत्रिका दिली, चहा घेतला आणि घरी येऊन लॉनला पाणी लावलं. हे लिहिताना लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

साक्षगंध थाटात झालं. उन्हं उतरल्यावर मंडळी जमली. बाहेर सगळं शहर मातकट झालेलं आणि आमचं लॉन असं हिरवंगार, की व्याही चपला काढून त्यावर चालले. युनूसभाई पांढराशुभ्र शर्ट घालून आले. हातात चमचमत्या कागदात गुंडाळलेली पिशवी होती, मीनलसाठी. ती उरलेली एकुलती एक चारोळी. फाटकातून आत आले आणि लॉनच्या कडेला थांबले. मग त्यांनी चप्पल काढली, एक पाय गवतावर ठेवला, आणि तसाच ठेवून खाली बघत राहिले. गवत ओलं होतं, मी दुपारीच पाणी सोडलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाय उचलला, चप्पल घातली आणि म्हणाले, "हिरवं हाये." एवढंच. मीनलच्या डोक्यावर हात ठेवला, जेवले, सुनंदाला तब्येत विचारली आणि लॉनला वळसा घालून, कडेच्या फरशीवरून चालत गेले.

पावसाळ्यात मी एकदा म्हणालो, मोटार काढून न्या. अगदी वरवर म्हणालो, हे त्यांनाही कळलं असणार. "राहू द्या जी," म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात वहिनीले लागंन." त्यानंतर ते येत राहिले. मोटार बघायचे, गवत कापायच्या यंत्राला धार लावून द्यायचे, नव्या प्लॉटवर बादली ओतायचे. फक्त माझ्या नकाशावरून भांडणं त्यांनी सोडून दिलं. मी लॉन मधोमध काढलं की, "काढा," म्हणायचे. काडी रोवायचे ती कडेलाच. मला सुरुवातीला वाटलं, वय झालं. चारोळी मी लॉनच्या कोपऱ्यात लावली होती. ती दुसऱ्या वर्षी गेली. मुळं उकरून पाहिली तर सडलेली. वजूच्या घोटभर पाण्यावर तगलेलं रोप माझ्या रोजच्या ओलाव्यात कुजलं. त्यांनी कधी ते कुठे आहे म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

कब्रस्तानात मी गेलो होतो. तीन मुठी माती द्यायची असते, मीही दिली. पिवळट मुरमाड माती होती, बोटांतून भराभर खाली गेली. मनात आलं, इथे पाणी पटकन जिरेल, इथे काडी रोवायला हरकत नाही. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

चाळिसाव्या दिवसाला सुनंदा आणि मी त्यांच्या घरी गेलो. बायका आत बसल्या होत्या, गर्दी ओसरल्यावर नसीमभाभींनी आम्हाला मागच्या अंगणात खुर्च्या दिल्या. तेच अंगण. बोरच्या तोंडावर फरशीचा तुकडा ठेवलेला, शेजारी प्लास्टिकच्या घागरी. मी उगाच विचारलं, बोरला पाणी नाही का? त्या म्हणाल्या, "पाणी हाये, मोटार नाही. मी आर्णीले गेलती त्या साली मोटार जळाली म्हणे. मंग कधी एखादी जुनी बांधून लावत, महिनाभर चाले, पुन्हा बंद. साऱ्या गावच्या मोटारी केल्या, घरची काही केली नाही. सहा साल म्या पल्याडच्या गल्लीतून घागरी आणल्या भाऊ." डोळे कोरडे होते, हात ओढणीचं टोक पिळत होते. "रोज बोलत होती म्या त्याईले. त्या दिवशीबी सकाळी बोलली. म्हटलं, कायचे मिस्त्री तुमी, बायकोले एक मोटार देता येत नाही... हसले अन् दुकानात गेले. तेच शेवटचं बोलणं झालं माहं."

म्हणजे त्यांनी सांगितलंच नव्हतं. जळाली म्हणाले होते. आधी कदाचित बायको रागावेल म्हणून, आणि साक्षगंधानंतर माझी अब्रू जायला नको म्हणून, असं मला वाटतं. सहा वर्षं टोमणे खाल्ले, आणि शेवटची सकाळही त्यातच गेली. माझ्या हातात चहाचा कप होता. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि येतो म्हणून उठलो.

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "उद्या तुम्ही जा. नाहीतर मी जाते." लग्नाला चाळीस वर्षं होतील, तिने मला असं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. नसीमभाभी डोक्यावर घागर घेऊन गल्लीतून येत होत्या. मी घागर उतरवायला हात पुढे केला, त्यांनी स्वतःच उतरवली. ओट्यावर उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. मोटार जळाली नव्हती, माझ्या बोरात आहे, मी सुनंदाच्या आजारपणाचं सांगून घेतली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण वहिनीले पाणी होतं?"

"होतं."

"मंग मोटार कायले पाह्यजे होती?"

"लॉनला," मी म्हणालो. त्यांना कळलं नसावं असं वाटून पुन्हा म्हणालो, "गवताला."

"गवताले," त्या म्हणाल्या. दाराच्या चौकटीला हात लावून जरा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील किंवा मला घालवून देतील. दोन्ही झालं नाही. "मले तरी सांगायचं होतं तुमी," एवढंच म्हणाल्या. "म्या त्याईले बोलली तरी नसती." मग घागर उचलून आत गेल्या. मी पायरी उतरत होतो तेव्हा पुन्हा बाहेर आल्या. "मोटार पाठवून द्या. अन् ते पेटीबी पाठवा. त्याच्यावर त्याईचं अक्षर असंन."

गेल्या आठवड्यात दुसरा मिस्त्री बोलावून मी मोटार काढली, दुरुस्त करून घेतली, पेटीही उतरवली, आणि दोन्ही लोहाऱ्याला त्यांच्या बोरवर लावून घेतली. भाभींनी स्वतः बटण दाबलं. आधी गढूळ आलं, मग धार लागली, फार मोठी नाही. त्यांनी एक घागर भरली, दुसरी भरली आणि मोटार बंद केली. मग ओढणीने पेटीवरची धूळ पुसली, अक्षरावरून जरा हळूच. 'पिण्याचे पाणी'. सहा वर्षं ते माझ्या भिंतीवर खोटं होतं. मी अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहावं असं मी धरूनही चाललो नव्हतो.

आमचं लॉन गेलं. फाटकापाशी आता कोणी थांबत नाही. भिंतीवर पेटी होती तिथे रंग न उडालेला एक चौकोन आणि चार स्क्रूची भोकं राहिली आहेत. रोज सकाळी चहा झाला की माझे पाय तिकडेच वळतात. हात वर जातो, बटण दाबायला बोट पुढे होतं, आणि भिंतीला लागतं.